शेडमधली पांढरी गाडी

सिल्वासात असताना गाडी कधी आणि कुठून घ्यावी हे विचारायला लोक माझ्याकडे यायचे. माझ्याकडे स्वतःची गाडी नव्हती. एक सायकल होती आणि तिचं मागचं मडगार्ड इतकं वाजायचं, की मी कारखान्याशी पोचायच्या आधीच वॉचमन फाटक उघडून ठेवायचा. तरी लोक यायचे, कारण गाड्यांचे भाव मला तोंडपाठ होते आणि सांगायची मला हौस होती. कुणी चुकीचा भाव बोललं की मला राहवत नसे, मग ओळख असो वा नसो.

माझे नियम ठरलेले होते. नवी घ्यायची तर इथेच घ्या, केंद्रशासित प्रदेशात कर कमी. हे मुंबईच्या लोकांनाही कळलं होतं, त्यामुळे वर्षानुवर्षं खुशाली न विचारणाऱ्या एखाद्या लांबच्या मेहुण्याला एकाएकी आमचा उमाळा यायचा आणि पत्राच्या शेवटी ‘तुमचा पत्ता गाडीच्या कागदांवर लावला तर चालेल का’ असं असायचं. डिसेंबरात शोरूमवाला नरम असतो, कारण जानेवारी उजाडली की तीच गाडी मागल्या वर्षाची होते. जुनी घ्यायची असेल तर समुद्राकाठची नको, खालून पत्रा खाल्लेला असतो. पाऊस पडत असताना गाडी बघू नका, ओल्या रंगावर सगळे ओरखडे लपतात. कंत्राटदाराची घेऊ नका, डॉक्टरची घ्या. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात बाजारात पाऊल टाकू नका, कारण तेव्हा सगळी दुनिया मुहूर्त साधायला निघालेली असते. त्याच्या आधीचा पंधरवडा धरा, पितृपक्षाचा. गिऱ्हाईक फिरकत नाही आणि विकणारा माशा मारत बसलेला असतो.

पण पहिला नियम वेगळाच होता. विकणाऱ्याला घाई कशाची आहे, ते आधी शोधा. ते कळलं नाही तर गाडी कितीही चकचकीत असो, हात लावू नका. हे मी इतक्यांदा सांगितलं होतं, की कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर पोरं माझी नक्कल करायची ती हेच वाक्य म्हणून.

कारखाना नायलॉनच्या धाग्याचा होता. सत्तर-ऐंशी माणसं, तीन पाळ्या. निम्मी आमच्या धुळे-जळगावकडची, बाकीची किलवणी आणि आसपासच्या गावांतली. मी हजेरीचा कारकून. गेटला लागून माझी खोली, तिला एक खिडकी, आणि खिडकीसमोर पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये मालकाची पांढरी अ‍ॅम्बॅसेडर उभी असायची. मालक सुरतेला राहायचा, महिन्यातून एकदा वापी स्टेशनवर उतरायचा. त्याला आणायला-सोडायला तेवढी ती बाहेर पडायची. बाकी दिवस जागेवर.

त्या गाडीकडे बघायची आमच्याकडे सगळ्यांना सवय होती. त्याला कारण होतं. त्या काळात सिल्वासात कारखाने यायचे तसे जायचेही. करसवलतीची मुदत सरत आली की एखादा मालक गुपचूप दुसरीकडे जागा बघायचा, आणि एका सकाळी कामगार येऊन बघतात तर गेटला कुलूप. आमच्या शेजारचा डब्यांचा कारखाना असाच गेला होता. तिथे आधी मालकाची गाडी दिसेनाशी झाली, पंधरा दिवसांनी यंत्रं. लोकांनी त्यातून धडा घेतला तो एवढाच, की गाडीवर लक्ष ठेवायचं. पाळीवर येताना प्रत्येक जण शेडकडे एक नजर टाकायचा. पांढरी गाडी दिसली की चाल बदलायची. मी खिडकीतून रोज हे बघत होतो. गंमत वाटायची.

मला सिल्वासात आणलं ते आप्पांनी. ते आमच्या गावचे, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, कारखान्यात जॉबर, म्हणजे यंत्रं लावणारे-दुरुस्त करणारे. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून कुठल्या चातीवर धागा तुटणार ते सांगायचे. मी पहिल्यांदा आलो तेव्हा दीड महिना त्यांच्या खोलीत राहिलो, त्यांच्या हातच्या भाकरी खाल्ल्या. मला सही नीट येते, अक्षर चांगलं आहे, एवढ्या भांडवलावर त्यांनी मॅनेजरच्या मागे लागून मला यंत्रावरून हजेरीच्या खुर्चीवर बसवलं. त्यांचं कुटुंब गावी होतं. वर्षातून दोनदा जायचे, होळीला आणि दिवाळीला.

नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. पितृपक्षाचे पहिले दिवस. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि समोर खुर्ची दिली. आठ वर्षांत त्यांनी मला खुर्ची दिली नव्हती.

“वो सफेद गाडी चाहिए तेरे को?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. मालक नवी गाडी घेणार आहेत, ही काढायची आहे, बाहेरच्याला देण्यापेक्षा घरच्या माणसाला द्यावी. मग त्यांनी किंमत सांगितली. असल्या गाडीला बाजारात जे येतं त्याच्या निम्म्याहून थोडीशी जास्त. माझे कान तापले. वापीला उतरणाऱ्या साहेबलोकांना कारखान्यांपर्यंत ने-आण करायची, रविवारी मुंबईची पाहुणेमंडळी धरण दाखवायला न्यायची, दोन वर्षांत पैसे वसूल. हे गणित मी किती वर्षं मनात मांडत होतो. लायसन्स काढूनही सहा वर्षं झाली होती, ते पाकिटात नुसतं मळत होतं.

“एकच बात,” साहेब म्हणाले. “कागज अभी तेरे नाम पे कर दूँगा. पण गाडी दशेरा तक इधर ही रहेगी, शेड में. और किसी को बोलने का नहीं. समजा ने?”

मी मान हलवली. आत्ता लिहिताना स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते, पण तेव्हा मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. उलट मी खूश झालो. मला वाटलं, पितृपक्षात घरी गाडी नेणं वाईट दिसेल म्हणून हा भला माणूस दसऱ्याचा मुहूर्त देतोय. आणि भाव पडलाय तोही पितृपक्षामुळेच. माझाच नियम माझ्या कामी आला, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून म्हणाली, “पितरपाटामा गाडी? आनि इतली सस्ती? त्यासले कसानी घाई शे?”

“तुला काय कळतं त्यातलं,” मी म्हणालो. तिने परत ताट ओढलं.

पैसे माझ्याकडे पुरते नव्हते. आमची कारखान्यात भिशी होती. वीस जण दरमहा पैसे टाकायचे आणि चिठ्ठीने नंबर ठरलेले. माझा नंबर होळीनंतर होता. त्या महिन्याचा नंबर आप्पांचा. मी त्यांना गाठलं आणि वलसाडच्या एका डॉक्टरची गाडी मिळतेय, असं ठोकून दिलं. कुणाला बोलायचं नाही म्हटल्यावर खोटं बोलणं आलंच, असं मी स्वतःला समजावलं. आप्पांनी पूर्ण ऐकलंही नाही.

“मना नंबर तू ले,” ते म्हणाले. “माले दिवाळी नंतर लागतीन. गाडी ऊनी म्हंजे आपलीच शे.”

खरंच, सगळ्यांना ती आपलीच वाटायला लागली. कुणाची बायको अडली, कुणाला ताप चढला तर दवाखान्यात न्यायला गाडी होणार, म्हणून भिशीतल्या एकानेही कुरकुर केली नाही. सर्वपित्री अमावास्येच्या आत मी पैसे भरले, सह्या केल्या, गाडी माझ्या नावावर झाली. एक किल्ली साहेबांनी मला दिली. ती मी पँटच्या आतल्या खिशात ठेवली आणि खिडकीतून दिवसभर शेडकडे बघत बसलो. इतका आनंद मला लग्नातही झाला नसेल.

नवरात्र बसलं. तिसऱ्या की चौथ्या माळेला, सोमवारी सकाळी, किलवणीचा आमचा वॉचमन माझ्या खिडकीशी आला. रविवारची सुट्टी असते, तेव्हा गेटवर तो एकटाच. इकडे तिकडे बघत म्हणाला, “काल दोन जणां आलती साहेबाबरोबर. पट्टीनं मोठा दरवाजा मापला. मंग मशिनां पण मापली.”

“कशाला?”

“काय ठाव. मला बोलला, चाय आण. मी आणली तवर गेली पण.”

त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. तो फाटकाकडे गेला. पहिली पाळी यायला लागली होती. मी पेन हातात धरून बसलो, हजेरीचं पुस्तक उघडं. माणसं एकामागून एक आत येत होती, आणि प्रत्येक जण शेडकडे बघत होता. बघायचा आणि पुढे जायचा. बघायचा आणि पुढे जायचा. आठ वर्षं मी हे बघत आलो होतो, पण त्या सकाळी पहिल्यांदा मला कळलं की ते माझ्या गाडीकडे बघताहेत. ती मालकाची उरलेलीच नव्हती. मालकाची गाडी जाऊन आठवडा झाला होता आणि ते एका मलाच माहीत होतं.

मी उठून मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं. गाडी दसऱ्यापर्यंत शेडमध्ये का राहायला हवी, ते आता लहान मुलालाही कळलं असतं. साहेबांनी मला गाडी विकली नव्हती. ती तिथे उभी करून ठेवण्यासाठी एक माणूस घेतला होता, आणि किमतीत जी सूट दिली ती त्या माणसाची मजुरी.

तरीही मी काही बोललो नाही. हे मला लिहायलाच हवं, नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, दरवाजा मापला म्हणून काय झालं, नवं यंत्र येणार असेल. म्हटलं, खात्री नसताना बोललो आणि चुकीचं निघालं तर नोकरी जाईल. आणि सगळ्यात खाली, जिथे माणूस स्वतःलाही फारसा जाऊ देत नाही, तिथे एवढंच होतं की बोललो तर लोक शेडमधली गाडी अडवतील आणि ती मला कधीच मिळणार नाही.

दुपारी टपरीवर माझ्या नेहमीच्या वाक्याची नक्कल झाली. मीही हसलो. हसताना माझा चहा सांडला.

दोन दिवसांनी नोटीस लागली. खंडेनवमीची यंत्रपूजा सकाळी दहाला उरकायची, दुपारपासून कारखाना बंद, दसरा आणि त्याचा दुसरा दिवस सुट्टी. दरवर्षी एकच दिवस मिळायचा. लोक खूश झाले. नोटीस माझ्याच अक्षरात होती, साहेबांनी सांगितली आणि मी लिहिली. लिहिताना अक्षर जरासुद्धा हललं नाही.

त्या संध्याकाळी पाळी सुटल्यावर आप्पा माझ्या खोलीत आले. एरवी ते खिडकीतूनच बोलायचे. आत येऊन स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. काहीतरी महत्त्वाचं असलं की ते असं करायचे.

“आठेच आमलीमा एक खोली भेटी राहिनी,” ते म्हणाले. “चांगली शे, मोरी आत शे. दिवाळीनंतर तुनी काकूले आनि पोरीले आठे लई येऊ म्हनस. गावनं घर भाड्यानं देवाले एक जन तयार शे. इतला वरीस एकला रांधी खादं, आते बस.”

मी चांगलं आहे म्हणालो.

“पन माले भीती वाटस रे. तू हाफिसमा बठस, तुले समजस. आपला कारखाना चालीन ना? खोली लेऊ का नको?”

बाहेर अजून उजेड होता. उघड्या खिडकीतून शेड दिसत होती आणि गाडीच्या मागच्या काचेवर ऊन पडलं होतं. आप्पा माझ्याकडे बघत होते. मला आयुष्यात इतकं सरळ कुणी काही विचारलं नव्हतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की आप्पा, थांबा. खोली घेऊ नका, घर कुणाला देऊ नका, आजच सगळ्यांना गोळा करा. दसऱ्याला अजून चार दिवस होते. ऐंशी माणसं फाटकात बसली असती तर एक ट्रक आत शिरला नसता.

मी खिडकीकडे बोट केलं आणि म्हणालो, “गाडी उभी आहे ना आप्पा.”

शब्द खरे होते. गाडी उभीच होती.

आप्पांनी वळून बघितलं. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. “हां, गाडी उभी शे,” ते म्हणाले. “मंग कसानी चिंता.” टोपी घातली आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीचं डिपॉझिट भरलं आणि गावच्या घराचं नक्की करायला पत्र टाकलं. हे त्यांनी मला हौसेने येऊन सांगितलं.

पुढचे चार दिवस मी जेवलो असेन, पण काय जेवलो ते आठवत नाही. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. पहिली पाळी सुटताना सांगू, मग दुसरी सुटताना. खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू लागलं, झेंडू लागला, पेढे वाटले. आप्पांनी त्यांच्या यंत्रासमोर नारळ फोडला आणि कपाळ टेकलं. मॅनेजरसाहेब हात जोडून उभे होते. एका कामगाराला काय सुचलं कोण जाणे, एक हार उरला होता तो त्याने नेऊन पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर टाकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

दसऱ्याला बायकोने पहाटे उठून झेंडूचा एक मोठा हार ओवला. गाडीसाठी. नऊ वाजले, दहा वाजले. “गाडी लेवाले जात नही का?” तिने विचारलं. मी अंगात कणकण आहे म्हणून पांघरूण ओढून पडलो. ती बराच वेळ दारात उभी होती. शेवटी तो हार तिने दाराच्या चौकटीला लावला आणि म्हणाली, “काय करी ठेयेल शे तुम्ही?” मी झोपेचं सोंग घेतलं. त्या वेळी तिकडे यंत्रांचे बोल्ट काढत असतील, हे मला अंथरुणात पडल्या पडल्या दिसत होतं.

सुट्टी संपली त्या सकाळी मी सायकल काढली नाही, चालत गेलो. वळणावरूनच गर्दी दिसली. गेट आतून बंद नव्हतं, साखळी नुसती अडकवलेली होती. किलवणीच्या वॉचमनलाही त्या दोन दिवसांची सुट्टी दिली होती. लोक आत शिरले होते. मोठ्या दरवाजाची एक बाजू काढलेली, आत फरशीवर यंत्रांच्या पायांचे काळे चौकोन आणि मधे तुटक्या बॉबिनींचा ढीग. चार-पाच यंत्रांवरचे झेंडूचे हार खाली पडले होते, ते टायरखाली येऊन चपटे झाले होते. मालक आमच्या हातावर तुरी देऊन गेला होता. मागच्या महिन्याचा पगार आणि दिवाळीचा बोनस घेऊन.

पण कुणी आरडाओरड करत नव्हतं. सगळे अंगणात, शेडभोवती बसले होते. गाडीला पाठ लावून, चाकांना टेकून, शेडच्या खांबांना धरून. चाळीस-पन्नास माणसं. आप्पा बॉनेटच्या पुढे मांडी घालून बसले होते. बॉनेटवरचा तो हार अजून तिथेच होता, वाळलेला.

मला बघून दोघा-तिघांनी सरकून जागा केली. आप्पांनी हाताने बोलावलं.

“बठ,” ते म्हणाले. “घाबरू नको. मशिनी लई गया, पन गाडी राही गयी. गडबडमा इसरी गया व्हतीन. गाडीसाठे कोनी ना कोनी ईनच. आम्ही उठनार नही.”

मी त्यांच्याशेजारी बसलो. माझ्या मांडीला खिशातली किल्ली टोचत होती. एक जण म्हणत होता, लेबर ऑफिसरला बोलवू, गाडी जप्त करून विकू. दुसरा म्हणाला, किती येतील? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भाव मलाच माहीत असणार. आप्पाही बघत होते. “सांग ना रे, कितला येतीन ईना?”

ऊन चढत होतं. किलवणीच्या कामगारांच्या बायकांनी झाडाखाली शिदोऱ्या सोडल्या, आमच्यासाठी एकीने भाकरी पुढे केली. हे लोक किती दिवस बसणार होते? आठ दिवस बसले असते. कोणीतरी गाडी न्यायला येईल म्हणून पन्नास माणसं वाट बघत होती, आणि ती न्यायला येणारा माणूस त्यांच्यात बसून त्यांचीच भाकरी हातात धरून होता. मला आता ते सहन होईना. यात शूरपणा कसला आलाय, नुसतं सहन होईना.

मी किल्ली काढली आणि आप्पांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली.

त्यांना आधी कळलंच नाही. “कोठे भेटनी?” त्यांनी विचारलं.

“माझी आहे. गाडी माझी आहे. मी घेतली.”

“कवय?”

“पितरपाटात.”

शेजारचे दोघे उठून उभे राहिले. मला वाटलं, आता थोबाडीत पडेल. पडावी, असंच वाटत होतं. आप्पांनी त्यांना हाताने बसवलं. ते किल्लीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी दिवस मागे मोजताना बघितले, पितरपाट, मग नवरात्र, मग तो स्टूल, ती खिडकी. मोजून झालं तेव्हा त्यांनी वर बघितलं.

“वलसाडना डॉक्टरनी म्हने तू.”

“म्हटलं होतं,” मी म्हणालो.

“सस्ती पडनी का?” त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता. खरोखर विचारत होते, जसे आठ वर्षं टपरीवर विचारायचे. मी आकडा सांगितला. त्यांनी विचार केला, मान हलवली. “सस्ती पडनी,” ते म्हणाले. “इतली सस्ती कोठेच भेटत नही.”

मग ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. किल्ली उचलून माझ्या हातात दिली आणि लोकांना म्हणाले, “उठा रे. आते कोनी येनार नही.”

एक-एक जण उठला. चाकाला टेकलेला, खांब धरलेला, पाठ लावून बसलेला. कुणी मला हात लावला नाही, शिवी दिली नाही. बाजूला झाले आणि गाडीला वाट करून दिली. मला ती न्यायची नव्हती, देवाशपथ नव्हती, पण पन्नास माणसं वाट करून उभी असताना तिथे नुसतं उभं राहणं त्याहून कठीण होतं. मी आत बसलो. गाडी दोनदा बंद पडली. पुढे बघितलं तर आप्पा चालत फाटकापर्यंत गेले होते. त्यांनी साखळी काढली, दोन्ही फाटकं ओढून पूर्ण उघडली आणि मी बाहेर जाईपर्यंत धरून ठेवली.

ती गाडी मी ठेवून घेतली नाही. दिवाळीच्या तोंडावर विकली. तेव्हा भाव चढे असतात, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आलं आणि मला दुपटीच्या जवळ मिळाले. माझा नियम तिथेही बरोबर निघाला. माझे स्वतःचे घातले होते तेवढे ठेवून बाकीचे भिशीला आणि कामगारांना वाटले. काहींनी घेतले, काहींनी मला दारातूनच परत पाठवलं. आप्पांनी भिशीचे त्यांचे तेवढे घेतले, न मोजता खिशात घातले. खोलीच्या मालकाने डिपॉझिट परत दिलं नव्हतं आणि गावच्या घरात दुसरं बिऱ्हाड आलं होतं. ते धुळ्याला लग्न झालेल्या थोरल्या मुलीकडे निघाले होते.

ते निघाले त्या दिवशी, आधीच पैसे देऊन गेलेलं गिऱ्हाईक गाडी न्यायला दुपारी येणार होतं. मी आप्पांना म्हणालो, तोवर गाडी दारात आहे, वापी स्टेशनपर्यंत सोडतो. पिशवी जड होती, ऊन होतं.

“नको,” ते म्हणाले. “बस भेटस.”

मी स्टँडपर्यंत त्यांच्या मागे चालत गेलो. पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली नाही. बस आली, ते चढले आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसले.